ओंजळीतला झेल

मी गेली अठ्ठावीस वर्षं आठवी-नववीला गणित शिकवते आणि प्रश्नपत्रिका काढते. त्यामुळे अवघड काय आणि अशक्य काय, हे मला कळतं असा माझा समज होता. तो समज धुळ्याला, माझ्या बहिणीच्या बैठकीच्या खोलीत, एका शेळीने आणि एका बगळ्याने उतरवला. त्या दोघांवर मी जितकी चिडले तितकी आजवर कुठल्या वर्गावर चिडले नसेन, आणि माझे वर्ग काही साधे नसतात.

शेळी म्हणजे मी आणि बगळा म्हणजे अक्का. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आता साठीला आलेली. मागच्या थंडीत तिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं वाचलं, चालणं दोन महिन्यांत जवळपास परत आलं, उजवा हात तेवढा मागे राहिला. खांदा उचलायचा, कोपर वाकायचं, पण बोटं सांगितलेलं ऐकायची नाहीत, आणि ऐकलं तरी फार उशिरा ऐकायची. व्यायाम करवून घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओ ताईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "आत्ताचे महिने महत्त्वाचे आहेत. बोटं रोज हलली पाहिजेत, आणि त्यांनी स्वतःहून हलवली पाहिजेत. एकदा त्यांनी नाद सोडला की मग आपण फार काही करू शकत नाही."

त्यांनी एक मऊ लाल चेंडू दिला होता, दिवसभर अधूनमधून दाबायला. अक्काने तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून खाली भिरकावला, अर्थात डाव्या हाताने. "मी काय कुत्रं शे का, चेंडूमांगे लावाले?" असं वर मलाच विचारलं. मग पुण्याला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र पाठवलं. सोबत दोन कंट्रोलर. "आई, याला दोन्ही हात लागतात," ती फोनवर म्हणाली. "डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने उड्या मारायच्या. चेंडूपेक्षा बरं." खेळ दोघांनी मिळून खेळायचा होता. भाऊजी म्हणाले, मला चष्म्यातून ते नाचतं चित्र सोसत नाही. उरले मी.

तेव्हापासून माझे शनिवार ठरले. सकाळची शाळा सुटली की पिंप्राळ्याहून रिक्षाने जळगाव स्टँडवर, तिथून धुळ्याची एसटी, एरंडोल, पारोळा करत दुपारी अक्काच्या दारात. पिशवीत केळीचे वेफर्स असायचे, आणि ते खाऊन दोन्ही कंट्रोलर तेलकट झाले की भाऊजी कुरकुरत ते पुसायचे. रविवारी दुपारच्या गाडीने मी परत यायचे.

खेळ दिसायला गोड होता. निळी नदी, पाणचक्क्या, पाण्यावर येणाऱ्याजाणाऱ्या लाकडी फळ्या आणि मागे कुठेतरी बासरी. शेळी आणि बगळा यांच्या कमरेला एकच दोर बांधलेला, आणि दोघांनी मिळून पलीकडच्या काठाला जायचं. बगळा असून त्याला उडता येत नव्हतं, हा पहिला अन्याय. एकजण पाण्यात पडला की दोर दुसऱ्यालाही ओढून नेणार, मग दोघांनी पुन्हा पहिल्या काठावरून निघायचं, हा दुसरा. खेळाला जगभरच्या भाषा येत होत्या, मराठी नव्हती, म्हणून आम्ही हिंदी लावली.

पहिलीच फळी आम्हाला भोवली. ती पाण्यावर येते, तुम्ही एक श्वास घेता, तेवढ्यात ती बुडते. अक्काला फळी दिसायची. आता उडी मारायची, हेही कळायचं. पण अंगठ्याला निरोप पोचेपर्यंत फळी गेलेली असायची. बगळा पाण्यात, त्याच्यामागे शेळी, आणि अक्का म्हणायची, "मरी गऊ."

तीनदा मेलो की बासरी थांबायची आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत प्रश्न यायचा, तुम्हाला मदत हवी आहे का? खाली हो आणि नाही. कसली मदत, किती मदत, ते काही सांगितलेलं नसायचं.

"हाऊ कोण इचारनारा?" अक्का पहिल्यांदाच म्हणाली. "नही सांग त्याले."

मी नाही म्हटलं. आणखी तीनदा मेलो. प्रश्न पुन्हा हजर, तसाच, त्याच अक्षरांत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्यासमोर उभं केलेल्या पोराचं गणित तीनदा चुकल्यावर सगळ्या वर्गादेखत "तुला सोपं देऊ का?" असं विचारण्यातली ही गत. नोकरीच्या सुरुवातीला मी स्वतः हा प्रकार एकदा केला होता. ती मुलगी पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. मला निदान तिचं तोंड दिसलं होतं. हा खेळ लिहिणाऱ्या माणसाला अक्काचं तोंड कुठून दिसणार?

मी भाचीला फोन केला आणि सगळा राग तिच्यावर काढला. ती स्वतः हे खेळ कॉलेजपासून खेळते. "मावशी, तो खेळ तसाच आहे," ती म्हणाली. "अवघड आहे म्हणून तर लोक खेळतात. सगळ्यांनाच जमलं तर पार करण्यात काय मजा?"

"तुझ्या आईला सगळी नदी नकोय गं," मी म्हटलं. "तिला एक फळी ओलांडायचीय."

"मग मदत चालू कर ना. त्यासाठीच आहे ती."

म्हणजे या बाजूला अंगठा तुटेस्तोवर मरा, नाहीतर त्या बाजूला मदत घ्या. मधे काही नाही. प्रश्नपत्रिका काढताना आम्ही किती डोकं लावतो! पहिला प्रश्न सगळ्यांना सुटावा, शेवटचा तिघाचौघांनाच, आणि मधे प्रत्येकाला आपापल्या जागी अडखळायला वाव असावा. इथे पहिलाच प्रश्न शेवटचा होता.

तिसऱ्या शनिवारी चार वेळा मेल्यावर अक्काने कंट्रोलर मांडीवर ठेवला. उजवा हात पदराने पुसला, त्याला काही लागलंय असा पुसला, आणि म्हणाली, "जाऊ दे. ह्या हातना काही उपेग नही." आवाज चढलेला नव्हता. अक्का चिडली तर मला भीती वाटत नाही, मी तिच्याच चिडण्यात वाढले. तिचं हे थंड बोलणं ऐकून मात्र मी घाबरले. फिजिओ ताईंनी जिन्यात सांगितलेलं तेच हे, मला वाटलं. ती नाद सोडते आहे.

अक्का हातपाय धुवायला मोरीत गेली आणि मी मदत चालू केली.

एकच बटण होतं. ते दाबलं की सगळं एकदम मिळायचं. दुसरा खेळाडू पडला तरी मरणार नाही, त्याची उडी चुकली तर खेळ सावरून घेईल, त्याच्यासमोरची दारं आपोआप उघडतील. त्यातलं थोडं घ्यावं, थोडं ठेवावं, अशी काही सोय तिथे नव्हती. आणि हे सगळं दिलं म्हणून बगळ्याच्या डोक्यावर एक छोटा पिवळा गोळा येऊन तरंगायला लागला. तो काही केल्या जाईना.

अक्का परत येऊन बसली. तिने सगळ्यात आधी तेच पाहिलं. "हाई लिंबू कसानं शे?"

"बक्षीस शे," मी म्हटलं. "आपण इतक्यांदा प्रयत्न करा ना, म्हणीसन."

नववीच्या पोरांची थाप मला तीन शब्दांत ओळखू येते. पण माझी थाप माझ्या बहिणीने लगेच खरी मानली, कारण मी तिच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दुपारी आम्ही फळी ओलांडली, मग चक्की, मग आणखी दोन चक्क्या. अक्काने भाऊजींना हाक मारून दाखवलं. शेजारणीला दाखवलं. मंगळवारी फिजिओ ताई आल्या तेव्हा त्यांनाही लिंबू दाखवलं म्हणे. त्याआधीच्या रविवारी मला इतकं बरं वाटत होतं की परतीच्या गाडीत उभं राहावं लागलं तरी मी कोणाशी भांडले नाही.

पुढच्या शनिवारी मात्र मला तिचा अंगठा दिसला. तो बटणावर नुसता टेकलेला होता. बगळ्याला पुढे न्यायला डावा हात पुरत होता, उडीच्या जागी खेळच त्याला अलगद उचलून पलीकडे ठेवत होता. अक्काला वाटत होतं आपण उडी मारली. ती हसत होती, शेळीला शिव्या देत होती, मला "चाल लवकर, म्हातारी" म्हणत होती, आणि ज्या हातासाठी हा सगळा खटाटोप होता तो तिच्या मांडीवर स्वस्थ झोपला होता. मला हे दिसलं आणि मी मूग गिळून बसले. दोन आठवडे बसले. शेवटी फिजिओ ताईंचा फोन आला, "इतकं खेळतात म्हणता, मग बोटं होती तिथेच कशी?" मी म्हटलं, बघते. काय बघणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

मग तो रविवार आला. भाचीचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि अक्काची प्रगती लेकीला दिसावी म्हणून भाऊजी मोबाईल टीव्हीसमोर धरून उभे होते. भाची उत्साहाने म्हणाली, "अरे वा, आई! असिस्ट मोड लावलास होय? बरं केलंस. तो पिवळा गोळा त्याचाच."

"हाई काय शे, असिस्ट?"

"म्हणजे तू पडलीस तरी ते मोजत नाहीत गं."

मी टीव्हीकडे बघत राहिले. शेळी फळीवर उभी होती, बगळा तिच्याशेजारी, आणि दोघांपैकी कोणीच हलत नव्हतं. भाचीला काही कळलं नाही, ती पुण्यातल्या पावसाचं काहीतरी सांगत होती. अक्काने माझ्याकडे पाहिलं.

"लिंबू," ती म्हणाली. आणि मग, "तू माले कच्चं लिंबू करं."

गल्लीत खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आईने सांगितलं म्हणून एखादं शेंबडं पोर खेळात घ्यावं लागतं. ते सगळ्यांसोबत धावतं, ओरडतं, लपतं, पण त्याला पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही, ते बाद झालं तरी बाद नसतं. ते कच्चं लिंबू. हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्याला नसतं. ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवशी ते घरी निघून जातं.

अक्का स्वतःच्याच घरी होती, ती कुठे जाणार? तिने कंट्रोलर खोक्यात ठेवला, खोकं कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं, आणि डाळ शिजायला टाकते म्हणून आत गेली. गाडीची वेळ झाली तरी ती बाहेर आली नाही. भाऊजींनी मला स्कूटरवरून स्टँडवर सोडलं. उतरताना म्हणाले, "आता तिने हातच सोडून दिला तर?" मी पिशवी उचलून गाडीत चढले.

गाडी पारोळ्याला बराच वेळ थांबली. तिथे बसून मी आधी खेळ बनवणाऱ्यांना मनातल्या मनात सोलून काढलं. मग भाचीला, तोंड आवरत नाही म्हणून. मग हळूहळू माझा नंबर लागला.

आम्ही लहानपणी भडगावला होतो. घरामागच्या ओट्यावर दुपारी गल्लीतल्या मुली सागरगोटे खेळायला जमायच्या. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि उडवलेला त्याच हातात झेलायचा. मग दोन उचलायचे, मग तीन. अक्का अकरा वर्षांची होती आणि तिच्या हातून गोटा सुटलेला कोणी पाहिला नव्हता. मी पाच वर्षांची. माझ्या तळव्यात गोटे नीट मावायचे नाहीत. मुली म्हणाल्या, हिला कच्चं लिंबू करा आणि बसवा. अक्का म्हणाली, "नही. हिना डाव खरा."

आणि तिने माझ्यासाठी एक नियम केला. उचलायचं एका हाताने, पण झेलायला मला दोन्ही हात चालतील. मी ओंजळीत झेलायचं. पण ओंजळीतूनही पडला, तर मी आऊट. सगळ्यांसारखी.

मी रोज आऊट व्हायचे. रोज रडायचे. एकदा एक मुलगी कळवळून म्हणाली, अगं देऊन टाक ना तिला अजून एक डाव, रडतेय ती. अक्का म्हणाली, "रडू दे. आऊट शे. आऊट म्हंजे आऊट." मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की मी तिची वेणी ओढली. पण काही महिन्यांनी एका दुपारी मी ओंजळीत झेलत झेलत तीनपर्यंत गेले, आणि समोरची मोठी मुलगी दोनवर अडकली. मी जिंकले होते. कोणाला बोलायला जागा नव्हती, कारण आदल्या दिवसापर्यंतचं माझं प्रत्येक हरणं त्या सगळ्यांनी मोजलं होतं.

तेव्हा अक्काने माझा झेल सोपा केला होता. माझं आऊट होणं तसंच ठेवलं होतं. मी नेमकं उलटं केलं. तिचं मरणं काढून घेतलं आणि उडी तिच्या हाताला होती तितकीच अवघड ठेवली. आणि मी शिक्षिका! हात दुखावलेल्या मुलांना परीक्षेत जास्तीचा वेळ देतात, लेखनिक देतात, पण पेपर सगळ्यांचाच असतो. त्या खोल्यांवर मी कितीदा सुपरव्हिजन केलंय. ग्रेस मार्कांवरून तर स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने मी भांडते. आणि माझ्या सख्ख्या बहिणीला मी तिला न विचारता ग्रेस देऊन पास केलं होतं. जळगाव येईपर्यंत मला स्वतःची अक्षरशः शिसारी आली होती.

पुढचे दोन आठवडे रोज संध्याकाळी मी भाचीला फोनवर बसवलं. तिला आपण काय बोलून गेलो ते कळल्यापासून ती पण रडकुंडीला आली होती. तिच्याकडे तोच खेळ होता. "मदत सोड," मी तिला सांगितलं. "मला ओंजळ शोधून दे." ओंजळ म्हणजे काय, हे तिला समजावण्यात एक संध्याकाळ गेली. मग ती शोधत गेली आणि मी वहीत लिहीत गेले. सापडलं, पण कुठे! मदतीच्या पानावर नाहीच. नियंत्रण, मग प्रगत, मग त्याच्याही खाली, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत. तिथे उडीचं बटण बदलता येत होतं. अक्काचा अंगठा सुटा हलत नव्हता, पण चारी बोटं मिळून हळूहळू आत वळत होती, उघडायला मात्र फार वेळ घ्यायची. उडी कंट्रोलरच्या मागच्या खटक्यावर नेली तर ती चार बोटांनी ओढू शकली असती. सगळ्या खेळाचा वेगही ऐंशी टक्क्यांवर आणता येत होता. म्हणजे फळी तीच, बुडणार तशीच, फक्त एका श्वासाऐवजी सव्वा श्वास मिळणार. हे ज्याला सुचलं त्याच्या पाया पडावं, आणि ज्याने ते तळघरात नेऊन लपवलं त्याला वर्गाबाहेर उभं करावं, असं मला झालं.

एक गोष्ट मात्र सापडली नाही. नदीच्या मध्यावर एक दार आहे. बगळ्याने खटका भराभर दाबायचा, प्रत्येक दाबण्याला दार बोटभर वर चढतं, आणि थांबलात की धाडकन खाली येतं. नुसतं दाबून धरलं तर चालेल, अशी सोय दुसऱ्या कितीतरी खेळांत असते म्हणे. या खेळात नव्हती. एक तर भराभर दाबा, नाहीतर पिवळा गोळा घ्या. मी खेळ बनवणाऱ्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं, शब्दकोश शेजारी ठेवून, पानभर. उत्तर पाचव्या मिनिटाला आलं. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. एवढंच. माझ्या विद्यार्थ्याने प्रश्न न वाचता असं उत्तर लिहिलं असतं तर मी भोपळा दिला असता.

आता अक्काला बसवायचं कसं? पहिल्या शनिवारी तिने विषयच काढू दिला नाही. दुसऱ्या शनिवारी मी म्हटलं, "अक्का, ओंजळमा झेल आठवस का?" ती म्हणाली, "नही," आणि भाजी निवडत बसली, डाव्या हाताने. उजवा हात ताटाखाली होता. मग मीही हट्टाला पेटले. खोकं काढलं, यंत्र लावलं आणि एकटीच दोन्ही कंट्रोलर घेऊन बसले. एक मांडीवर, एक हातात. दोन्ही एकदम कसे चालवणार? बगळा पाण्यात, शेळी पाण्यात. पुन्हा बगळा, पुन्हा शेळी. सात-आठ वेळा ते डुबुक डुबुक ऐकल्यावर अक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"तुले एकलीले काय जमी ते," ती म्हणाली. मग तिने बगळ्याच्या डोक्याकडे बघितलं. "लिंबू कोठे गे?"

"काढी टाकं."

"मंग आते मी पडनू त मरसू?"

"मरशी. आणि माले बी मारशी."

ती येऊन बसली. खटका कुठे आहे ते मी दाखवलं, खेळ थोडा हळू केलाय तेही सांगितलं. या वेळी सगळं सांगितलं. फळी आली, अक्काची चार बोटं वळली, पण उशिरा वळली. बगळा पाण्यात पडला, शेळी त्याच्यामागे.

"मरी गऊ!" अक्का ओरडली आणि जोरजोरात हसायला लागली. भाऊजी हातात गाळणी घेऊन बाहेर आले.

त्या दिवशी आम्ही किती मेलो ते विचारू नका. पण संध्याकाळी दिवे लागेपर्यंत पहिली फळी ओलांडली होती आणि अक्काने उजवा हात चोळत, "दुखस व," म्हटलं. दुखतंय हे ऐकून मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

फळ्या झाल्या, चक्क्या झाल्या. मग ते दार आलं आणि आमचं सगळं तिथे अडलं. बगळा दाराचा खटका दाबतो तोवर शेळीने शेजारच्या फिरत्या चाकावर पाय टाकत राहायचं, थांबली तर चाक तिला पाण्यात टाकणार. अक्काची बोटं निम्म्यावर दमायची. दार अर्धं चढायचं, थरथरायचं आणि खाली यायचं. एक शनिवार, दोन शनिवार, चार शनिवार. मला आता बासरीसुद्धा सहन होत नव्हती. वर्गात चलपदं शिकवताना मला ते दार दिसायचं. ही कसली मेहनत, हा नुसता छळ आहे, असं मी भाचीला रोज सांगायचे, आणि आजही माझं तेच मत आहे. दाबून धरायची एक सोय द्यायला त्यांचं काय जात होतं? एकदा न राहवून मी अक्काला म्हटलं, "फक्त या दारापुरती मदत घेऊ. लगेच बंद करू." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच म्हटलं, नको नको, राहू दे. दुसऱ्यांदा मी तिच्या खटक्याकडे हात नेला. "हात नको लावू," ती म्हणाली.

परवाच्या शनिवारची गोष्ट. तीन-चार डाव नेहमीसारखे गेले. मग पाचव्या की सहाव्या वेळी दार निम्म्यावर आलं आणि थांबलं नाही. मी चाकावर पाय टाकत होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला काहीतरी हलताना दिसलं आणि मी पडदा सोडून तिकडे बघितलं. अक्काचा उजवा हात. चारी बोटं आत जात होती आणि परत बाहेर येत होती. बाहेर यायला इतके महिने नकार देणारी ती बोटं. हळू, वेडीवाकडी, करंगळी सगळ्यात मागे, पण जात होती आणि येत होती, जात होती आणि येत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मी बघतच राहिले.

डुबुक आवाज आला. पडली ती शेळी होती. माझे पाय थांबले होते, चाकाने मला पाण्यात टाकलं होतं, आणि दोर बगळ्याला उघड्या दारातून मागे ओढून घेऊन गेला.

पडद्यावर पुन्हा पहिला काठ आला.

"नाही!" मी किंचाळलेच. "हे धरायचं नाही! दार उघडलं होतं, अक्का, तुझं झालं होतं! माझी चूक आहे, हे नाही मोजायचं." आणि या वयात, वेफर्सची पिशवी मांडीवर घेऊन, मी हुंदके देऊन रडायला लागले.

अक्का लालबुंद झाली होती. "तुन्हं ध्यान कोठे व्हतं?"

"तुन्हा हातकडे."

तिने स्वतःच्या हाताकडे बघितलं. क्षणभरच. मग तो पदराला पुसला, घाम होता म्हणून, आणि कंट्रोलर पुन्हा धरला.

"अगं, जाऊ दे," भाऊजी म्हणाले. "धर ते पार केलं म्हणून. रडतेय बघ ती."

"रडू दे," अक्का म्हणाली. "आऊट शे."